झुलीला थेंब लागू नये म्हणून

चिंचखेड बुधे या गावात शासनाचे फिरते नेत्रचिकित्सा वाहन दाखल झाले तेव्हा मृग अजून लागायचा होता. नवे राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती, पंचायत समित्यांच्या पाट्यांवरचा रंग ओला होता, आणि आपल्याही गावात शासनाचे काहीतरी यावे, मग ते काहीही असो, अशी चढाओढ मोताळा तालुक्यातल्या सरपंचांत लागली होती. कुणी गोदाम मिळवले होते, कुणी सांड मिळवला होता. चिंचखेडच्या भगवंतरावांनी तालुक्याला चकरा मारमारून वहाणा झिजवल्या असत्या, पण ते वहाणा हातात घेऊन चालत, म्हणून त्या वाचल्या. त्यांना डोळ्यांची गाडी मिळाली.

गाडीच्या उजव्या अंगाला जाड हिरव्या कापडाचे छत होते. चार खांब रोवून ते ताणले की खाली पंचवीस-तीस माणसे सहज बसत. शासकीय भाषेत त्याचे नाव 'पार्श्वछत' असे होते. गाडी गावात शिरली तेव्हा ते खांबांशिवाय नुसतेच अंगावरून लोंबत होते, त्यामुळे लोकांना पोळ्याचा बैल आठवला आणि गावाने त्याला 'झूल' म्हटले. रुग्णांचे ऊन व पाऊस यांपासून रक्षण करणे, हा या झुलीचा घोषित उद्देश होता. गाडीसोबत एक परिपत्रकही आले होते. त्यात डोळ्यांचा उल्लेख शीर्षकात होता, बाकी सगळे झुलीविषयी होते. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास पार्श्वछताखालीच झोपवावे, अन्यत्र झोपवू नये. पावसाने पार्श्वछताची हानी झाल्यास सरपंच व्यक्तिशः जबाबदार राहतील.

या जबाबदारीला भगवंतरावांइतका लायक माणूस पंचक्रोशीत सापडला नसता. मलकापुराहून आणलेली त्यांची काळी छत्री अजून दुकानातल्या खोळीत होती. पाऊस आला की ते छत्री सदऱ्याखाली घालत आणि धावत घरी येत. अंगावरचे धोतर पिळताना ते समाधानाने सांगत, "छत्रीले एक थेंब लागू देल्ला नाई." घरी पितळी समई होती, तिच्यात कधी तेल पडले नव्हते. पाहुण्यांसाठी गादी होती, तिच्यावर पाहुण्यांनाही बसू देत नसत. वस्तू कशी राखावी ते भगवंतरावांकडून शिकावे, असे गावातले म्हातारे पोरांना सांगत. पोरेही शिकत होती.

गाडीची खरी गरज कुणाला असेल तर ती भगवंतरावांच्याच आईला होती. सरस्वतीबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा पुरता पिकला होता, डावा त्याच्या मागोमाग निघाला होता. तरी घरातली डाळ निवडायचे काम त्या कुणाला देत नव्हत्या. सुनेने, पुष्पाबाईंनी, सूप ओढून घ्यायचा प्रयत्न केला की त्या सूप मांडीखाली दाबत. त्यामुळे त्या घरी जेवताना प्रत्येकाच्या दाताखाली खडा येई आणि कुणी काही बोलत नसे.

गाडीतल्या तरुण डॉक्टरने त्यांना पहिल्याच दिवशी तपासले.

"आजी, काय काय दिसायला हवं तुम्हाला?"

"मले लय काई पाहाचं नाई, डाक्टरबाबा. पाहाचं होतं थे सारं पाहून झालं. फक्त दाळीतले खडे दिसले पाह्यजे. मंग मी आन् माही दाळ."

डॉक्टर हसला, मग भगवंतरावांना बाजूला घेऊन म्हणाला, "मोती पूर्ण पिकलाय. दिवाळीच्या आत काढायलाच हवा. पुढे गेला तर आतून डोळ्यावर दाब येतो, आणि मग डोळाच जातो. मंगळवारी घेऊन या."

"आणतो न. घरचीच गाडी हाये," भगवंतराव म्हणाले.

मंगळवारी झूल ताणली गेली. खाली रुग्ण ओळीने बसले. सरस्वतीबाईंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते आणि पुढचा नंबर त्यांचाच होता. एवढ्यात पूर्णा नदीच्या अंगाने आभाळ काळे झाले आणि पहिला टपोरा थेंब झुलीवर वाजला. तो वाहन अधीक्षक इंद्रभान साहेबांनी ऐकला. आयुष्यात त्यांनी पुष्कळ गोष्टी ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या होत्या, पण हा थेंब त्यांच्या काळजावरच पडला.

"उठा! सगळे उठा! छत भिजतंय!"

रुग्णांना उठवण्यात आले. ज्यांना समोरचा खांब दिसत नव्हता त्यांना खांब उपटायला लावले. झूल भराभर गुंडाळून गाडीच्या टपावर चढवली. तेवढ्याने भागेना, म्हणून रुग्णांनी पावसासाठी डोक्यावर घेतलेले पोत्यांचे घोंगते गोळा करून झुलीवर पांघरले. भगवंतराव स्वतः टपावर चढून झुलीवर पालथे पडले. खाली मोकळ्या मैदानात डोळ्यांत औषध घातलेली माणसे मुसळधार पावसात उभी होती. औषधाने बाहुल्या विस्फारल्या होत्या, त्यामुळे वीज चमकली की सगळे एकदम ओरडत.

सरस्वतीबाई हाताने चाचपत गाडीपाशी आल्या. "साहेब, हे झूल पावसासाठीच हाये न?"

"आजी," इंद्रभान साहेब समजुतीने म्हणाले, "छत रुग्णांवर पडणाऱ्या पावसासाठी आहे. छतावर पडणाऱ्या पावसासाठी नाही."

"मंग आमच्यावर कोणता पडून राह्यला?"

साहेबांनी याचे उत्तर परिपत्रकात शोधले असते, पण ते भिजेल म्हणून त्यांनी ते उघडले नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने सुचवले की शाळेची एक खोली रिकामी करावी, शस्त्रक्रिया गाडीत होतील आणि रुग्ण शाळेत झोपतील. इंद्रभान साहेबांनी विचारले, "शाळेला पार्श्वछत आहे का?" डॉक्टर म्हणाला, शाळेला छप्पर आहे. साहेब म्हणाले, छप्पर आणि पार्श्वछत यांत फरक नसता तर शासनाने पार्श्वछतावर खर्च केला असता का? डॉक्टर नागपूरचा होता आणि नोकरीत नवा होता. मग त्याने भगवंतरावांना सांगितले, "तुम्ही आईंना बुलढाण्याच्या दवाखान्यात न्या. एस.टी. आहे. एका दिवसाचं काम."

भगवंतरावांनी यावर रात्रभर विचार केला, आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे केला हे कबूल केले पाहिजे. सरपंचाचीच आई बाहेरगावी मोती काढायला गेली, तर तो गाडीवर गावाने केलेला अविश्वासाचा ठराव ठरेल. गाडी परत जाईल. शेजारच्या गावचा सरपंच हसेल. सकाळी त्यांनी आईला सांगितले, "माय, थोडी कळ काढ. पाऊस उघडला का इथंच करू. घरची गाडी सोडून एस.टी.नं काऊन जाचं?"

"हाव रे बापू. गाडी तं घरचीच हाये," सरस्वतीबाई म्हणाल्या, आणि सूप जवळ ओढले.

झुलीच्या संरक्षणाचे काम यानंतर रीतसर हाती घेण्यात आले. प्रथम ग्रामपंचायतीची ताडपत्री तिच्यावर घातली. पण ताडपत्रीही सार्वजनिक मालमत्ता होती, ती भिजून चालणार नव्हती, म्हणून ताडपत्रीवर कडबा रचला. कडबा भिजला आणि आतून तापू लागला. झुलीला पावसापासून वाचवताना ती जळाली तर परिपत्रकात तशी सोय नाही, हे लक्षात येताच कडबा काढला आणि शेड उभारायचे ठरले. शेडला टिनपत्रे लागतात. गावात टिनपत्रे शाळेवर होते. शाळेचे छप्पर काढण्यास ग्रामसभेत थोडा विरोध झाला, तेव्हा भगवंतरावांनी विचारले, "पोट्टे भिजले तं वायतात. झूल भिजली तं वायते का?" झूल वाळते, असे एक म्हातारा म्हणाला, पण तोपर्यंत ठराव झाला होता. शाळा मारुतीच्या पारावर भरू लागली. पावसात सुटी आणि उघडीप पडली की अभ्यास, असे नवे वेळापत्रक झाले. त्या वर्षी पाऊस चांगला झाला.

शेडमध्ये उंदीर आले. कापडाला उंदीर लागणे ही पावसाने झालेली हानी नव्हे, तरी इंद्रभान साहेब दूरदृष्टीचे होते. दोन मांजरी हंगामी म्हणून नेमण्यात आल्या. त्यांना रोज दूध द्यायची पाळी घरोघरी लागली. कोतवाल पुंजाजी शेडच्या दाराशी काठी घेऊन बसे, आणि डोळ्यांचा रुग्ण दिसला की "लांबून जा, लांबून! ओल्या आंगानं आत शिरसान," म्हणून ओरडे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण चिंचखेडात सगळ्यांना ठाऊक होती. ती आपल्यासाठी आहे असे मात्र कुणालाही वाटले नाही, कारण सगळे कामात होते.

श्रावणाच्या शेवटी शेड एका जागी गळू लागली, आणि ती बरोबर झुलीच्या वरच. एक पत्रा कमी पडत होता. गावात टिनाचा पत्रा उरला होता तो फक्त भगवंतरावांच्या स्वयंपाकघरावर. इथे दुसरा माणूस कचरला असता. भगवंतराव स्वतः शिडी लावून चढले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पत्रा काढला. गावाने टाळ्या वाजवल्या. पुष्पाबाईंनी कपाळाला हात लावला. सरस्वतीबाईंची खाट स्वयंपाकघरातच असे, चुलीच्या उबेला. आता खाटेच्या पायथ्याशी धार लागली.

"बापू, हे पाणी कुठून येऊन राह्यलं रे?"

"वरून, माय."

"वरून तं कळलं. पत्रा कुठं गेला?"

"झुलीवर देल्ला."

म्हातारीने पाय वर ओढून घेतले. "म्हंजे झुलीवरचं पाणी आता माह्यावर पडून राह्यलं."

भगवंतरावांना त्या क्षणी लाज वाटली. खरोखर वाटली, कानशिले गरम झाली. पण लाज ही टिकाऊ वस्तू नसते आणि ती राखायची सवय त्यांना नव्हती. त्यांनी खाट हाताने ओढून कोपऱ्यात सरकवली, आईच्या अंगावर पोते टाकले, आणि झुलीकडे पाणी तर येत नाही ना, ते बघायला निघून गेले. छत्री अर्थात सदऱ्याखाली होती.

पोळ्याच्या दिवशी सरस्वतीबाईंनी पुन्हा विषय काढला. बाहेर भुरभुर चालू होती आणि गावभरचे बैल आपापल्या झुली घालून वेशीकडे निघाले होते. "बापू, बैलाची झूल वर्सातून येक डाव तं निंगते रे. पानी असो का काई असो. तुमची हे कोन्त्या सनाले निंगते?"

भगवंतरावांनी हा प्रश्न इंद्रभान साहेबांपुढे मांडला. साहेब म्हणाले, पावसाळा संपल्याशिवाय नाही. पावसाळा संपला तेव्हा साहेब म्हणाले, परतीचा पाऊस अजून जायचा आहे. तो गेला तेव्हा त्यांनी दाखवून दिले की सकाळी दंव पडते, आणि दंव हे पाणीच आहे. दुपारी ऊन असते, उन्हाने रंग उडतो. संध्याकाळी गोधडीसारखी ओल उतरते. छत निर्धोकपणे उघडता येईल असा एक काळ दिवसात आहे, दुपारनंतर आणि संध्याकाळच्या आधी, पण तेव्हा कार्यालयीन वेळ संपलेली असते. भगवंतरावांना हे पटले. त्यांची छत्रीही याच कारणांनी गेली कित्येक वर्षे उघडली नव्हती.

दिवाळी आली आणि गेली. म्हातारीच्या उजव्या डोळ्यात एके दिवशी असा ठणका उठला की तिने सूप भिरकावून दिले. पुष्पाबाई धावत डॉक्टरला घेऊन आल्या. डॉक्टरने तपासले.

"उजवा गेला," तो म्हणाला. "डाव्याचंही आता सांगता येत नाही. मी तुम्हाला जूनमध्ये सांगितलं होतं, सरपंच."

"पाऊस होता न, डॉक्टरसाहेब."

"पाऊस!" डॉक्टरचा आवाज फुटला. "एका कापडासाठी तुम्ही स्वतःच्या आईचा डोळा घालवलात. तुमच्या गावातल्या कापडाची प्रकृती मात्र उत्तम असेल, नाही?"

"हाव," भगवंतराव म्हणाले. कापडाविषयी विचारलेला प्रश्न त्यांना नेहमी खरा प्रश्न वाटे.

डॉक्टरची लवकरच बदली झाली. कारण साधे होते. मृगापासून चिंचखेडात एकही शस्त्रक्रिया झाली नव्हती, एकाही रुग्णाची तपासणी नोंदली गेली नव्हती. वरच्या कार्यालयाने या शून्याचा अभ्यास केला. ज्या गावात इतके महिने डोळ्यांचा दवाखाना उघडा असून एकही रुग्ण येत नाही, त्या गावात डोळ्यांचे रोग उरलेले नाहीत, हे उघड होते. चिंचखेड बुधे हे जिल्ह्यातले पहिले नेत्ररोगमुक्त गाव ठरले, आणि तिथे डॉक्टरची गरज उरली नाही. सत्कार ठरला. तालुक्यातले बाकीचे सरपंच जळून खाक झाले आणि रोगमुक्तीची युक्ती विचारायला भगवंतरावांकडे येऊ लागले.

सत्काराला जिल्ह्याहून मोठे साहेब आले. झूल उघडून ताणायची आणि तिच्याखाली समारंभ करायचा, असे ठरले होते. झुलीला ऊन लागू नये म्हणून तिच्यावर धामणगावहून आणलेला भाड्याचा मांडव घातला होता. सरस्वतीबाईंना पहिल्या रांगेत बसवले, कारण नेत्ररोगमुक्त गावातली सर्वांत वयस्कर नागरिक म्हणून त्यांना पुष्पगुच्छ द्यायचा होता. पुष्पाबाईंनी त्यांचा हात धरला होता.

पुंजाजीने दोर सोडला. झूल उलगडू लागली.

वास आधी आला. मग कापड आले, म्हणजे कापडाचे जे काही राहिले होते ते. पहिल्या पावसात ओली गुंडाळलेली झूल पुन्हा कुणी उघडलीच नव्हती. आतल्या घड्यांत काळी बुरशी बोटभर जाड झाली होती, मध्ये पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. तिचा मधला भाग खांबाला लागताच ओल्या पापडासारखा तुटून खाली पडला. दोन्ही मांजरी खांबाआडून बाहेर पडल्या.

"कायचा वास हाये व हा?" सरस्वतीबाईंनी सुनेला विचारले.

"झुलीचा," पुष्पाबाई म्हणाल्या.

"मेली का थे?"

मोठे साहेब मात्र मोठे उगाच झाले नव्हते. त्यांनी भोकातून वरच्या मांडवाकडे पाहिले आणि इंद्रभान साहेबांना विचारले, "छतावर पाऊस पडला?"

"पहिल्या पावसानंतर एक थेंबही नाही, सर."

"सरपंच?"

"येक थेंब नाई, साहेब. मी सोता वरती पालथा पडलो होतो."

"मग ही पावसाने झालेली हानी नाही," साहेब म्हणाले. "परिपत्रक पावसाविषयी आहे. बुरशीविषयी स्वतंत्र परिपत्रक निघेल. समारंभ सुरू करा."

समारंभ सुरू झाला. भाड्याच्या मांडवाखाली भगवंतरावांना मानपत्र देण्यात आले. त्यात त्यांच्या दूरदृष्टीचा गौरव होता. सरस्वतीबाईंनी पुष्पगुच्छ घेतला, हाताने चाचपला आणि निवडायला लागल्या. साहेबांना ते पाहून गहिवरून आले. आपल्या ग्रामीण भागात अशी कष्टाळू वृद्ध माता आहे, असे ते भाषणात म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावात रोग नाही, हे ऐकायला पन्नासएक आंधळी-अर्धी आंधळी माणसे आली होती, त्यांनीही वाजवल्या.

मानपत्र आता भगवंतरावांच्या घरी स्वयंपाकघरात लावलेले आहे. उजेडाने शाई उडू नये म्हणून त्याच्यावर कापड शिवून घातले आहे, आणि कापड मळू नये म्हणून त्यावर कागद. पत्रा परत आलेला नाही, कारण शेड रिकामी असली तरी शासकीय आहे. पावसाळ्यात भगवंतराव मानपत्र काढून पाहुण्यांच्या गादीखाली ठेवतात. म्हातारी खाटेवर बसून सूप चाचपते. डाव्या डोळ्यालाही आता काही दिसत नाही, तरी ती डाळ निवडते, आणि जेवताना भगवंतरावांच्या दाताखाली कचकन खडा येतो. ते तो खडा गिळतात. बाहेर काढला तर आई ऐकेल.

तुम्हाला हसू येते आहे. येऊ द्या, भगवंतराव त्याच लायकीचे आहेत. मात्र हसून झाले की उठा आणि कपाटाच्या वरच्या खणात कागदात गुंडाळलेला चिनी मातीच्या कपांचा संच आहे का, ते बघा. दाराच्या मागे खोळीत ठेवलेली छत्री आहे का, आणि परवाच्या पावसात ती शर्टाखाली धरून भिजत कोण आले होते, ते आठवा. सगळे जागच्या जागी, कोरे, शाबूत सापडेल, याची मला खात्री आहे. मग आतल्या खोलीत जा. तिथे कोपऱ्यातल्या खाटेवर कुणीतरी बसलेले आहे, तुम्ही कितीतरी दिवसांपासून 'थोडी कळ काढ' म्हणून सांगितलेले. ते अजून तुमच्याकडे पाहू शकते का, तेवढे विचारून या.